कान वाहणं : किती जणांना होतं, कोणत्या जंतूंमुळे होतं आणि बरं कसं होतं

आमच्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. आम्ही फळ्याजवळ उभं राहून इमला सांगितला, की तिचं बहुतेक बरोबर यायचं. बाकांमधून फिरत सांगितला, की निम्मे शब्द चुकायचे. आम्हाला वाटलं, ही शेजारणीच्या वहीत बघून लिहिते. एकदा सगळ्यांसमोर तिला बोललोही. पुढे एक दिवस तिच्या स्कार्फच्या कडेला पिवळट डाग दिसला. जवळ बोलावून विचारलं, तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "कान बहता है मेरा, छोटी थी तब से."

ती कुणाचं बघून लिहीत नव्हती, आमच्या ओठांकडे बघून लिहीत होती. आम्ही पाठमोरे झालो की तिचा इमला तिथेच थांबायचा. तिच्या अम्मींना शाळेत बोलावलं. त्या म्हणाल्या, "मोठी झाली की थांबेल. माझाही असाच वाहायचा." बोलताना त्या डावा कान आमच्याकडे करत होत्या. उजव्या कानाने त्यांना आता जवळजवळ ऐकूच येत नव्हतं.

आपल्या घरांमध्ये "कान वाहतो", "कान फुटला", "कान बहता है" हे शब्द सर्दी-खोकल्यासारखे सहज वापरले जातात. हा आजार नेमका काय आहे, तो किती जणांना होतो, त्यामागे कोणते जंतू असतात आणि गोळ्या घेऊनही तो परत परत का येतो, हे मात्र फार कमी घरांत माहीत असतं. त्या मुलीनंतर आम्ही हा विषय डॉक्टरांकडून समजून घेतला, वाचला. तोच इथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

कान वाहणं म्हणजे काय?

कानाचे तीन भाग असतात. बाहेरून दिसणारी पाळी आणि आत जाणारी नळी हा बाह्यकर्ण. नळीच्या शेवटी कानाचा पडदा. पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटीशी पोकळी असते, तो मध्यकर्ण. या पोकळीत हातोडी, ऐरण आणि रिकीब या नावांची तीन इवलीशी हाडं एकमेकांना जोडलेली असतात. आवाजाने पडदा थरथरतो, ती थरथर ही हाडं पुढे अंतर्कर्णात पोहोचवतात आणि तिथून नस ती मेंदूकडे नेते.

मध्यकर्णात जंतूंचा संसर्ग झाला, पडद्याला भोक पडलं आणि त्या भोकातून पू किंवा पाणी वाहत राहिलं, की त्याला वैद्यकीय भाषेत जुनाट पूयमय मध्यकर्णदाह म्हणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा 'सीएसओएम' एवढंच लिहिलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार कान २ आठवडे किंवा त्याहून जास्त वाहत असेल तर तो जुनाट धरावा. काही तज्ज्ञ ही मुदत ६ आठवडे, तर काही ३ महिने मानतात. आपण पालकांनी मात्र २ आठवड्यांचीच मुदत लक्षात ठेवलेली बरी.

या आजाराची एक फसवी गोष्ट आहे. यात बहुधा कान दुखत नाही. पडदा फाटेपर्यंत ठणका असतो, मूल रात्रभर रडतं. पडदा फाटून पू बाहेर आला की आतला दाब कमी होतो आणि दुखणं थांबतं. घरच्यांना वाटतं, चला, बरं झालं. आजार जुनाट होण्याची सुरुवात अनेकदा इथूनच होते.

किती जणांना होतो?

जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये या आजारावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या अंदाजानुसार जगभरात ६.५ कोटी ते ३३ कोटी लोकांचे कान वाहतात आणि त्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांच्या ऐकण्यावर चांगलाच परिणाम झालेला असतो. दोन आकड्यांत एवढं अंतर आहे, कारण वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या वेगवेगळ्या वयोगटांत आणि वेगवेगळ्या पद्धतींनी झालेल्या आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने दरवर्षी होणाऱ्या नव्या रुग्णांची संख्या सुमारे ३ कोटी १० लाख धरली. त्यांपैकी पाचातला साधारण एक रुग्ण ५ वर्षांखालचं मूल असतं. कानाच्या संसर्गाच्या गुंतागुंतीतून दरवर्षी सुमारे २१ हजार लोक दगावतात, असाही अंदाज त्याच अभ्यासात आहे.

एखाद्या भागातल्या ४ टक्क्यांहून जास्त मुलांचे कान वाहत असतील, तर ती तातडीने लक्ष घालण्याजोगी मोठी सार्वजनिक समस्या समजावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. ४ टक्के म्हणजे ५० मुलांच्या वर्गात २ मुलं. २००४ च्या अहवालात या सर्वांत वरच्या गटात टांझानिया, सॉलोमन बेटं, ग्वाम, ऑस्ट्रेलियातले आदिवासी, ग्रीनलंड यांच्यासोबत भारताचं नाव आहे.

ही यादी नीट पाहा. ग्रीनलंड बर्फाचा प्रदेश, टांझानिया उष्ण. ऑस्ट्रेलिया श्रीमंत देश, पण आजार तिथल्या दुर्गम वस्त्यांतल्या आदिवासी मुलांमध्ये जास्त. म्हणजे दोष केवळ हवेचा किंवा रक्ताचा नाही. लहान घरात दाटीने राहणं, एकाची सर्दी सगळ्यांना होणं, चुलीचा आणि विडी-सिगारेटचा धूर, पोषण कमी पडणं आणि कानाचा डॉक्टर लांब असणं, हे धागे पुन्हा पुन्हा सापडतात. एका खोलीत सात-आठ माणसं राहतात अशा आपल्या मोहल्ल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

भारतात ऐकण्याचा लक्षणीय त्रास असलेल्यांची संख्या सुमारे ६ कोटी ३० लाख असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सरकारी कार्यक्रमांतही वापरला जातो. या सगळ्यांचं कारण वाहता कान नाही. पण टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये मध्यकर्णाचा संसर्ग हे एक महत्त्वाचं कारण आहे.

सुरुवात नाकातून होते

मध्यकर्ण आणि नाकाची मागची बाजू यांना जोडणारी एक बारीक नळी असते. तिला युस्टेशियन नळी म्हणतात. मोठ्या माणसात ती साधारण ३५ मिलिमीटर लांब आणि तिरकी असते. तान्ह्या बाळात ती जवळपास निम्म्या लांबीची आणि बरीचशी आडवी असते. त्यामुळे सर्दी झाली की नाकातले जंतू मुलांच्या कानात लवकर चढतात. कान दुखण्याचा आजार मुलांमध्ये जास्त का, याचं मोठं कारण हेच.

अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळांना कानाचा संसर्ग कमी होतो, हे अनेक पाहण्यांत दिसलं आहे. बाळाला आडवं झोपवून बाटलीने दूध पाजलं, तर दूध या नळीकडे जाऊ शकतं. म्हणून पाजताना बाळाचं डोकं नेहमी वर असावं.

ताजा संसर्ग आणि जुना संसर्ग : जंतू वेगळे

या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. सर्दीनंतर अचानक कान ठणकतो, ताप येतो, त्या ताज्या संसर्गात बहुधा तीन जंतू सापडतात : स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनी, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आणि मोरॅक्सेला कॅटरालिस. तिघेही मुलांच्या नाका-घशात एरवीही राहणारे आहेत.

पडदा फाटून कान महिनोन् महिने वाहू लागला, की आतली वस्ती बदलते. आता बाहेरच्या नळीतून, पाण्यातून आणि त्वचेवरून दुसरेच जंतू आत शिरतात. त्यांतले मुख्य असे :

स्यूडोमोनास एरुजिनोसा : हा ओलाव्यात राहणारा जंतू. माती, साचलेलं पाणी, मोरी, नळाचं तोंड, कुठेही तग धरतो. याच्या पूला कधी कधी हिरवट-निळसर रंग असतो. 'एरुजिनोसा' या लॅटिन शब्दाचा संबंध तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या गंजाशी आहे. फ्रान्समधल्या कार्ल गेसार यांनी १८८२ मध्ये तो वेगळा करून दाखवला होता.

स्टॅफिलोकोकस ऑरियस : हा आपल्या त्वचेवर आणि नाकात असतो. गळवं, फोडं यांतही हाच. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घोसासारखा दिसतो. स्कॉटलंडचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी या घोसावरूनच त्याला नाव दिलं. त्याच्या वाढीचा रंग सोनेरी, म्हणून 'ऑरियस'. याच्या काही जाती नेहमीच्या अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाहीत.

प्रोटियस, क्लेबसिएला आणि ई. कोलाय : हे बहुधा आतड्यात आणि घाणीच्या संपर्कात सापडणारे जंतू. प्रोटियस पोषक थरावर लाटेसारखा पसरत जातो. रूप बदलणाऱ्या ग्रीक देवाचं नाव त्याला दिलेलं आहे.

हवेशिवाय जगणारे जंतू : बॅक्टेरॉइड्ससारखे हे जंतू खोल, कोंदट जागी वाढतात. पूला फार दुर्गंधी असेल, तर डॉक्टरांना यांची शंका येते.

भारतातल्या रुग्णालयांत कानातल्या पूची तपासणी केली, की बहुतेक ठिकाणी पहिला नंबर स्यूडोमोनासचा किंवा स्टॅफिलोकोकसचा असतो. कुठे एक वर, कुठे दुसरा. अनेक कानांत एकाहून जास्त जंतू एकत्र असतात. जुन्या, ओल्या कानात बुरशीही वाढते. कानात सतत खाज आणि ओल्या कागदासारखा काळा-पांढरा मळ दिसला, तर बुरशी असू शकते. क्वचित कानाचा टीबीही असतो. दुखत नाही, वाहणं थांबत नाही आणि नेहमीच्या औषधांनी काहीच फरक पडत नाही, अशा वेळी डॉक्टर त्याचीही तपासणी करतात.

गोळ्या घेऊनही कान का थांबत नाही?

बहुतेक घरांची गोष्ट सारखीच असते. कान वाहायला लागला, मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणली, चार दिवस घेतल्या, थोडं थांबलं, पंधरा दिवसांनी पुन्हा सुरू. यामागे तीन कारणं आहेत.

पहिलं कारण, जंतूच वेगळा. मेडिकलमधून सर्रास मिळणारी ॲमॉक्सिसिलिन ही गोळी ताज्या संसर्गातल्या न्यूमोकोकसवर चालते. स्यूडोमोनासवर ती मुळातच चालत नाही.

दुसरं कारण, औषध तिथपर्यंत पुरेसं पोहोचत नाही. थोडं गणित करू. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या ०.३ टक्के थेंबांमध्ये दर मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३००० मायक्रोग्रॅम औषध असतं. याच औषधाची ५०० मिलिग्रॅमची गोळी मोठ्या माणसाने घेतली, तर रक्तात दर मिलिलिटरला जेमतेम २ ते ३ मायक्रोग्रॅम औषध असतं. थेंब थेट जागेवर हजारपट ताकदीने पोहोचतात. म्हणून साध्या वाहत्या कानासाठी तज्ज्ञ आधी थेंब देतात. गोळ्या आणि इंजेक्शनं गुंतागुंत असेल तेव्हा.

तिसरं कारण, जंतूंचं घर. हे जंतू मध्यकर्णाच्या अस्तरावर चिकट थर करून राहतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. हौदाच्या भिंतीला बसलेलं शेवाळं आठवा. वरून पाणी ओतून ते जात नाही, घासावं लागतं. तसंच, कानातला पू साफ न करता वर नुसते थेंब टाकले, तर ते पूवरच तरंगतात.

अर्धवट घेतलेल्या औषधांचा आणखी एक तोटा आहे. मरायचे ते कमजोर जंतू मरतात, दणकट उरतात. पुढच्या खेपेला तेच औषध निकामी ठरतं. अशा वेळी डॉक्टर कानातला पू स्वॅबवर घेऊन कल्चरला पाठवतात. कोणता जंतू आहे आणि कोणतं औषध त्यावर चालेल, हे त्या अहवालात कळतं. अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, पण त्यानंतरचा इलाज अंदाजाने होत नाही.

सगळे वाहते कान सारखे नसतात

डॉक्टर या आजाराचे दोन प्रकार करतात. पहिल्यात भोक पडद्याच्या मधल्या भागात असतं. पाणी पातळ, चिकट, सर्दीबरोबर वाढणारं आणि बहुधा वास नसलेलं असतं. हा तुलनेने कमी धोक्याचा.

दुसऱ्यात पडद्याच्या वरच्या किंवा मागच्या भागातून त्वचेचा थर आत वाढत जातो आणि मेलेल्या त्वचेची गाठ तयार होते. तिला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण काम वाळवीसारखं. ती आजूबाजूचं हाड हळूहळू खाते. पू कमी असतो, पण वास फार असतो. कधी त्यात रक्त दिसतं. हा प्रकार थेंबांनी जात नाही, ऑपरेशनच करावं लागतं.

हाड खात ही गाठ पुढे सरकली, तर चेहऱ्याची नस, तोल सांभाळणारा अंतर्कर्ण, कानामागचं हाड आणि मेंदूचं आवरण धोक्यात येतं. इंग्रजी लेखक ऑस्कर वाइल्ड १९०० मध्ये पॅरिसमध्ये वारला, तो कानाचा संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचल्यामुळे, असं त्याच्या आजाराचा अभ्यास केलेल्या अनेक डॉक्टरांचं मत आहे. त्याचे वडील सर विल्यम वाइल्ड हे डब्लिनमधले त्या काळातले नामांकित कानाचे सर्जन होते. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. आज ती आहेत, ऑपरेशनं आहेत. तरी उशीर केला तर धोका तोच आहे.

खालीलपैकी काहीही दिसलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठा : कानामागे सूज किंवा लाली येऊन कान पुढे ढकललेला दिसणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, जोराची चक्कर, कानाबरोबर तीव्र डोकेदुखी, उलट्या आणि ताप, मान ताठ होणं, झटके किंवा सुस्ती. घरातल्या वयस्कर, मधुमेह असलेल्या माणसाचा कान वाहून रात्री असह्य दुखत असेल, तर तेही तातडीचं समजा. मधुमेहींमध्ये स्यूडोमोनास बाहेरच्या नळीतून हाडापर्यंत जाऊ शकतो. हा आजार वेगळा आहे, पण तितकाच गंभीर.

इलाज कसा होतो?

पहिली पायरी, कान साफ आणि कोरडा करणं. तज्ज्ञ हे यंत्राने पू ओढून करतात. घरी करायचं असेल, तर डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्यावं. स्वच्छ कापसाची किंवा मऊ टिश्यू कागदाची वात करून कानाच्या नळीत हलकेच ठेवायची, ओली झाली की काढून नवी ठेवायची. वात कोरडी निघेपर्यंत हे करायचं. काडी, हेअरपिन किंवा बाजारातले बड वापरायचे नाहीत.

दुसरी पायरी, डॉक्टरांनी दिलेले थेंब. बाटली आधी मुठीत धरून कोमट करावी, कारण गार थेंबांनी चक्कर येते. मुलाला कुशीवर निजवून थेंब टाकावेत, कानाच्या भोकासमोरचा मऊ उंचवटा हलके दाबावा आणि काही मिनिटं तसंच निजू द्यावं. सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. जुनी उरलेली बाटली किंवा शेजाऱ्यांचे थेंब वापरू नयेत. जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखी काही औषधं पडद्याच्या भोकातून आत गेली, तर अंतर्कर्णाला इजा करू शकतात.

तिसरी पायरी, ऐकण्याची तपासणी. तिला ऑडिओमेट्री म्हणतात. ती दुखत नाही.

चौथी पायरी, ऑपरेशन. कान काही आठवडे कोरडा राहिला आणि तरी भोक बुजलं नाही, तर रुग्णाच्याच कानाजवळचा पातळ पडदा घेऊन ते बुजवतात. याला टिम्पॅनोप्लास्टी म्हणतात. कोलेस्टिॲटोमा असेल, तर कानामागचं हाड साफ करतात, ती मॅस्टॉइडेक्टमी. ऑपरेशन कोणत्या वयात करायचं, हे तज्ज्ञ ठरवतात. तोपर्यंत ऐकू कमी येत असेल, तर श्रवणयंत्राचा विचार होतो.

दादींचे उपाय

गरम तेल, लसूण परतलेलं तेल, दूध, कांद्याचा रस : हे सगळं प्रेमाने केलं जातं. पण पडद्याला भोक असताना कानात टाकलेली प्रत्येक गोष्ट थेट मध्यकर्णात जाते. तेलाने ओलावा टिकतो, बुरशीला जागा मिळते आणि गरम तेलाने भाजतंही. रस्त्यावर कानातला मळ काढून देणाऱ्यांच्या हाती वाहता कान कधीच देऊ नये. घरच्या मोठ्यांना हे सांगताना आम्ही वाद घालत नाही. "दादी, पडद्याला भोक आहे, तेल आत उतरतं," एवढं सांगितलं की बहुतेक जणी ऐकतात.

पाणी, वुजू आणि रमजान

वाहत्या कानाचा मोठा शत्रू पाणी. तलावात, विहिरीत, नदीत पोहणं बंद. गुस्लच्या आणि अंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन लावून कानाच्या तोंडाशी ठेवावा आणि अंघोळ झाली की लगेच काढावा. वुजूत कानांचा मसह ओल्या बोटांनी होतो, त्यात पाणी आत ओतलं जात नाही. लहान मुलं मात्र ओंजळीने पाणी मारतात, त्यांना नीट शिकवावं.

रमजानमध्ये रोजेदारांचा प्रश्न असतो. पडद्याला भोक असेल, तर थेंब युस्टेशियन नळीवाटे घशात उतरून कडू चव लागू शकते. शक्य असेल तर थेंबांच्या वेळा इफ्तारनंतर आणि सहरीच्या आधी बसवता येतील का, हे डॉक्टरांना विचारावं. मसला आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावा, आणि विचारताना पडद्याला भोक आहे हे आवर्जून सांगावं. मनाने इलाज अर्धवट सोडू नये.

लस, शाळा आणि सरकारी सोयी

जुन्या संसर्गातल्या स्यूडोमोनासवर लस नाही. पण ताज्या संसर्गाचं एक दार लसीने बंद करता येतं. न्यूमोकोकसवरची पीसीव्ही लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली. ती ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिन्यांच्या वयाला मोफत मिळते. गोवरामुळेही कान फुटतात, म्हणून गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस चुकवू नयेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरमधूनच सुरू झाला होता. वाहता कान आणि कमी ऐकू येणं, दोन्ही त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आम्हा शिक्षकांचंही काम आहे की ते नाव पथकासमोर ठेवावं. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभाग असतो. ऑपरेशन लागलं, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारावं. ऐकण्याच्या तपासणीसाठी आणि श्रवणयंत्रासाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून काम करते. ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते.

पालकांनी आणि शिक्षकांनी काही खुणा ओळखाव्यात. मूल टीव्हीचा आवाज वाढवतं का? "क्या?" असं वारंवार विचारतं का? एकच कान पुढे करतं का? पाठीमागून हाक मारली तर वळतं का? बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघतं का? अशा मुलाला 'ढ' किंवा बेफिकीर म्हणण्याआधी त्याचा कान तपासा. आम्ही आधी बोललो आणि नंतर तपासलं. त्याची खंत अजून आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण आम्ही पाहिली आहे. "कुणाला सांगू नका, उद्या स्थळ बघायचंय," म्हणून कान स्कार्फखाली वाहत राहतो. लपवलेला आजार लग्नानंतरही तिथेच असतो, फक्त तोपर्यंत हाडं झिजलेली असतात आणि ऐकणं आणखी कमी झालेलं असतं. हा जंतूंचा आजार आहे. त्यात मुलीचा दोष नाही आणि लाज वाटण्यासारखंही काही नाही.

त्या मुलीला जिल्हा रुग्णालयात नेलं. कान साफ केला, थेंब दिले, काही आठवड्यांत वाहणं थांबलं. तपासणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं असं निघालं. आम्ही तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि इमला सांगताना फिरायचं सोडलं. दोन वर्षांनी तिच्या एका कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. परवा तिच्या अम्मी बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "अब पीछे से आवाज़ दो तो मुड़ती है." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "या वयात माझाही कान तपासून घेता येईल का?"

येईल. वय कितीही असो, वाहता कान तपासून घ्या.